माहेरी परतलेल्या नायिकेची बाजू

स्त्रियांनी लिहिलेल्या कथा-कादंबऱ्यांतला एक प्रकार आपल्याकडे फार सहज हिणवला जातो. नायिका बऱ्याच वर्षांनी माहेरच्या गावी येते. आई गेलेली असते किंवा जाण्याच्या वाटेवर असते. घर विकायचे घाटत असते. गावात तो असतो, ज्याच्याशी लग्न झाले नाही. दोघे भेटतात, थोडे बोलणे होते, बरेचसे होत नाही, आणि ती परत जाते. अशा गोष्टीला गळेकाढू म्हणतात, हळवे बायकी लेखन म्हणतात, दिवाळी अंकाची पाने भरायचे सामान म्हणतात. शेवट धड लावता येत नाही म्हणून लेखिका तो तसाच सोडून देते, असेही वर ऐकवले जाते. हे मत मला चुकीचे वाटते आणि अन्यायाचेही वाटते. माहेरी परतणे आणि अर्धे राहिलेले प्रेम या दोन गोष्टी मराठी बाईच्या आयुष्यात एकाच कारणाने अडलेल्या आहेत. ते कारण सांगण्यासाठी याहून नेमका कथाप्रकार आपल्याजवळ नाही, असे माझे म्हणणे आहे.

आधी हळवेपणाचा आरोप घेऊ. विषयच हळवा असेल तर तो कोणीही लिहिला तरी हळवाच ठरला पाहिजे. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ साली आली. युरोपातून बोटीने घरी परतणारा चक्रधर विध्वंस आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांच्या मोजक्या दिवसांच्या प्रेमाची ती गोष्ट. मुंबई येते, तो उतरतो. तिला उतरता येत नाही, बोट तिला घेऊन पुढे जाते. घरी परतणे इथे आहे, अपुरे प्रेम आहे, पत्रे आहेत, रडणे आहे. तरी या कादंबरीला कोणी गळेकाढू म्हटले नाही. मराठीतल्या श्रेष्ठ कादंबऱ्यांत तिचे नाव घेतात आणि ते योग्यच आहे. वंशद्वेष आणि येऊ घातलेले महायुद्ध यांची कादंबरी म्हणून आपण ती वाचतो.

तिच्या पाच वर्षे आधी, १९३४ साली, विभावरी शिरूरकरांची 'हिंदोळ्यावर' प्रसिद्ध झाली होती. विभावरी शिरूरकर म्हणजे बाळूताई खरे, पुढे विश्राम बेडेकरांशी लग्न करून मालती बेडेकर झालेल्या. आदल्याच वर्षी त्यांच्या 'कळ्यांचे निःश्वास'ने महाराष्ट्रात गदारोळ उठवला होता आणि या टोपणनावामागे कोण आहे याचा शोध चालला होता. 'हिंदोळ्यावर'मधली अचला नवऱ्यापासून दूर राहते, दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते, आणि ते प्रेम समाजात उजळ माथ्याने कुठे नेता येत नाही, कारण पहिल्या लग्नातून सुटण्याची वाटच कायद्यात नाही. मुंबई प्रांतातल्या हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला १९४७ साली, देशभर मिळाला १९५५ साली. एका कादंबरीत प्रेमाच्या आड देशांच्या सीमा आणि परवाने येतात, दुसरीत लग्नाचा कायदा. एकाच घरात पुढे नांदलेल्या या दोन लेखकांपैकी नवऱ्याच्या पुस्तकाला आपण युगाचे दुःख म्हटले आणि बायकोच्या पुस्तकाला बायकांचा प्रश्न. हा फरक विषयातून आलेला नाही, तो वाचणाऱ्याने केलेला आहे.

परतण्याचेही तेच. भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'त (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्याहून आपल्या गावी परततो. त्यांच्याच 'हिंदू'मध्ये (२०१०) मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेला खंडेराव वडील मरणपंथाला लागले म्हणून घरी येतो, आणि त्या येण्यातून हजारो वर्षांची संस्कृती उलगडत जाते. दोन्ही कादंबऱ्यांचे मोठेपण मला मान्य आहे. पण एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पांडुरंगाला काय, खंडेरावाला काय, घराविषयी कितीही तिढा वाटो, 'किती दिवस आहेस?' हे त्यांना कोणी विचारत नाही. माहेरी आलेल्या लेकीला मात्र ते पहिल्या चहाबरोबर विचारले जाते. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते. अंथरूण-पांघरूण काढायचे असते, भाजी किती आणायची ते ठरवायचे असते. तरीही त्या साध्या प्रश्नाने तिची घरातली जागा ठरते. वारशाचे ओझे वाटणे हे ज्याला वारसा मिळतो त्याचे दुःख आहे. तिचे दुःख त्याच्या अलीकडचे आहे: जिथे ती जन्मली, तिथे ती आता कोण म्हणून उभी आहे?

हा प्रश्न मनाचे खेळ म्हणून सोडून देणाऱ्यांनी १९५६चा हिंदू वारसा कायदा एकदा उघडून पाहावा. त्याचे तेविसावे कलम राहत्या घराविषयी होते. वडिलांमागे मुलगे आणि मुली दोन्ही असतील आणि घरात कुटुंबातलीच माणसे राहत असतील, तर मुलगे आपसांत वाटणी करायचे ठरवीत नाहीत तोवर मुलीला घराची वाटणी मागता येत नव्हती. घरात राहण्याचा हक्क तिला दिला होता, पण कोणत्या मुलीला? अविवाहित असेल तर, नवऱ्याने टाकलेली असेल तर, नवऱ्यापासून विभक्त असेल तर, किंवा विधवा असेल तर. जिचा संसार धड चालला आहे तिला वडिलांच्या घरात राहण्याचा हक्क नाही, असे स्वतंत्र भारताच्या कायद्यात लिहिलेले होते, आणि ते २००५पर्यंत तसेच होते. म्हणजे बाईला माहेरी हक्काने परतायचे असेल तर आधी तिचे काहीतरी मोडले पाहिजे. आपल्या लेखिकांच्या नायिका काहीतरी मोडल्यावरच माहेरी का येतात, याचे उत्तर कोणाला हवे असेल तर ते इथे आहे. त्यांनी ही रीत भावुकपणाने रचली नाही. ती त्यांना आयती मिळाली होती.

महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्या वर्षीच्या २२ जूनच्या आधी जिचे लग्न झाले तिला वगळले. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने तेविसावे कलम काढून टाकले आणि हा भेद पुसला. ती दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असायला हवेत का, हा वाद त्यानंतरही चालला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तो मुलींच्या बाजूने निकालात काढला. कागदावर आज लेकीचा वाटा पक्का आहे. प्रत्यक्षात काय होते ते गावोगावच्या तलाठ्यांना आणि दुय्यम निबंधकांच्या कचेऱ्यांत बसणाऱ्यांना ठाऊक आहे. वडिलांच्या तेराव्यानंतर काही दिवसांनी बहिणींना बोलावणे येते, आणि त्या हक्कसोड पत्रावर सही करून परत जातात. सही केली नाही तर भाऊबीज बंद होईल, दिवाळीला कोणी बोलावणार नाही, पोरांच्या लग्नात मामा उभा राहणार नाही, हे कोणी बोलून दाखवत नाही आणि सगळ्यांना कळते. वाटा घ्यावा तर माहेर जाते, माहेर ठेवावे तर वाटा जातो. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने मुलीचा हिस्सा मुलाइतकाच धरला. जुने घर विकायचे म्हटले की तिथे लेकी-जावयांच्याही सह्या लागतात. आपल्याकडे ती सही लागते बहुधा सोडून देण्यासाठी.

कायद्याच्या फार आधी बायकांनी हे जात्यावर सांगून ठेवले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांचा केवढा तरी भाग माहेर, न्यायला येणारा भाऊ आणि दारात उभी असलेली भावजय यांच्याभोवती फिरतो. आईबाप आहेत तोवर एक माहेर आणि ते गेल्यावर दुसरे, हे त्या गाणाऱ्या बायकांना पक्के माहीत होते. मुऱ्हाळी आला तर जायचे, नाही आला तर वाट पाहायची. हा विषय शहरी, पांढरपेशा, सुखवस्तू बायकांचा लाड आहे, असे म्हणणाऱ्या मंडळींनी आधी या ओव्या गाणाऱ्या बायकांना काय म्हणायचे ते ठरवावे. त्या पहाटे उठून दळत होत्या.

आता प्रेमाकडे येऊ, कारण आक्षेपाचा खरा रोख तिकडे आहे. माहेरच्या दुःखाला लोक निदान मान डोलावतात. पन्नाशीच्या, मुले मोठी झालेल्या बाईला गावातला जुना माणूस आठवतो म्हटले की हसतात.

लग्नात आपल्याकडे अनेक घरांत मुलीचे पहिले नावही बदलत असत. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवे नाव लिही आणि मुलगी त्या दिवसापासून त्या नावाची होई. जिथे नाव बदलले नाही तिथे आडनाव बदललेच. पुढे ती सून, आई, काकू, आजी होते. जुन्या नावाने हाक मारणारी माणसे माहेरी असतात आणि वर्षांगणिक ती कमी होत जातात. वडील जातात, आई जाते, शेजारच्या काकू जातात. शेवटी त्या नावाने तिला ओळखणारा कोणी उरला असेल तर तो असतो: ज्याने तिला सोळाव्या-सतराव्या वर्षी पाहिले होते, जेव्हा ती अजून कोणाची कोणी झालेली नव्हती. त्या माणसाला भेटण्याची ओढ म्हणजे वासना असेल, प्रेम असेल, दोन्ही असेल. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण त्या ओढीत आणखी एक मागणी असते. मी होते, याला साक्षीदार कोण? ज्या घरात तिचा काही कागद नाही, तिथे तिच्या असण्याचा तो एकुलता पुरावा असतो. म्हणून घर आणि तो, ही दोन दुःखे आपल्या कथांमध्ये एकमेकांना लगटून येतात. घर विकले जाणार म्हटल्यावरच तिला तो आठवावा, यात योगायोग नाही.

मग शेवट का नाही? ना. सी. फडक्यांच्या 'प्रतिभासाधन'ने (१९३१) मराठी वाचकांच्या आणि लेखकांच्या पिढ्यांना कथेत गुंतागुंत असावी, ती चढत जावी आणि अखेर तिची उकल व्हावी, हे शिकवले. तंत्र म्हणून ते शिकवणे चांगलेच होते. पण उकल करायला कोणाच्या तरी हातात काहीतरी असावे लागते. प्रेमकथेत स्त्रीसाठी ज्या उकली ठरलेल्या होत्या त्या दोनच: लग्न किंवा मरण. फार तर तिसरी, त्याग, आणि त्यागाला टाळ्या पडत. या तिन्ही शेवटांत तिची इच्छा संपवून मग गोष्ट संपते. आपल्या चांगल्या लेखिकांनी नेमके एवढेच नाकारले. इच्छा संपली नाही तर ती संपली असे लिहायचे नाही. ती पुढे कुठे नेता येत नसेल तर नेता आली असेही लिहायचे नाही. जी स्थिती हजारो माणसे आयुष्यभर वागवतात, तिला कथेत जसेच्या तसे स्थान द्यायचे, याला मी धैर्य म्हणतो. शेवट जमला नाही म्हणणाऱ्याने तो स्वतः लावून पाहावा. दोघांनी आपापली घरे सोडून एकत्र राहावे, असे लिहिले की कथा लगेच खोटी वाटू लागते, आणि तिने सगळे विसरून समाधानाने गाडीत बसावे, असे लिहिले तर त्याहून खोटी.

पुरोगामी बाजूने येणारा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. अचलेच्या वेळी कायदा नव्हता, आता आहे. मग या नायिका बाहेर का पडत नाहीत, नुसत्या झुरतात कशाला? या प्रश्नामागची कळकळ खरी आहे. पण कायद्याने बाहेर पडायचे दार दिले, जायचे ठिकाण दिले नाही. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली, त्यानंतर टाकलेल्या बायकांचा प्रश्न महाराष्ट्राला उघडपणे ऐकू आला, आणि त्यांच्या मागण्यांच्या मुळाशी डोक्यावरचे छप्पर होते. नवऱ्याचे घर सुटले, माहेर भावाचे झाले, मग जायचे कुठे?

शिवाय ज्या नायिका बाहेर पडल्या त्यांचे काय झाले तेही पाहावे. गौरी देशपांडे यांच्या बायका उंबरठा ओलांडायला कधी घाबरल्या नाहीत. 'एकेक पान गळावया' (१९८०) पासून पुढे त्या लग्ने करतात, मोडतात, देश ओलांडतात, नवरा असताना दुसऱ्यावर प्रेम करतात आणि त्याबद्दल स्वतःला कोसत बसत नाहीत. 'तेरुओ'मध्ये तर प्रेम थेट जपानात भेटते. तरी त्यांच्याही पुस्तकांत प्रेमाचा हिशेब मिटत नाही. धीट नायिकेच्या हातीही उकल लागत नसेल, तर उकल न लागणे हे भित्रेपणाचे लक्षण कसे? स्वतः गौरीबाई अनेक देशांत राहून परतल्या आणि फलटणजवळच्या विंचुर्णी नावाच्या लहान गावात त्यांनी घर केले. त्या वास्तव्यातून 'विंचुर्णीचे धडे' आले. धोंडो केशव कर्व्यांची नात, इरावती कर्व्यांची मुलगी. पुण्यात माहेर म्हणून दाखवायला केवढा मोठा वारसा होता. त्यांनी निवडली ती माहेर नाही आणि सासरही नाही अशी जागा. परतण्याच्या मराठी लेखनात मला ही घटना फार मोलाची वाटते. परतायचे आहे, पण कोणाच्या तरी दारात पाहुणी म्हणून उभे राहायचे नाही, एवढे त्या पुस्तकातून कळते.

ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) हे आत्मकथन आहे, आणि त्यात परतण्याला आणखी एक थर आहे. रत्नागिरीच्या त्या घराच्या आठवणीत वडिलांमागे आयदाने विणून पोरे वाढवणारी आई आहे आणि गावाने जातीवरून ठरवून दिलेली जागा आहे. तिथे लेक परतते तेव्हा भावाचे घर कोणाचे, याच्याबरोबर गाव कोणाचे हेही विचारावे लागते. वाड्यांच्या आणि पारिजातकांच्या गोष्टी लिहिणाऱ्यांना हे पुष्कळदा सुचत नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

बाजू मांडायची म्हणजे सगळेच उचलून धरायचे असे नाही. या प्रकारात वाईट लेखन खूप झाले आहे. अमेरिकेतून आलेली नायिका, पाडायला काढलेला वाडा, पाऊस, आणि जन्मभर लग्न न करता तिची वाट पाहत राहिलेला हुशार डॉक्टर, या साच्याचा मला मनापासून राग येतो. वाट पाहत राहिलेला तो पुरुष ही वाचकाला दिलेली लाच आहे. तो झुरत राहिल्यामुळे नायिकेला काही ठरवावे लागत नाही, आणि तिचे प्रेम कसोटीला लागत नाही. खऱ्या गावात त्याचे लग्न झालेले असते, त्याच्या बायकोला नाव असते, ती या बाईला चहा देते आणि सगळे समजून असते. ती बायको जिथे माणूस म्हणून येते ती कथा मी लगेच मानतो.

वहिनीचेही तेच. साच्यातल्या गोष्टींत वहिनी कजाग असते आणि तिच्यामुळे माहेर तुटते. पण ती स्वतः कोणाची तरी माहेरवाशीण आहे. ज्या घरात तिने तीस वर्षे सासू-सासऱ्यांचे केले, त्या घराच्या कागदावर तिचेही नाव नाही. दोन बिनकागदाच्या बायका एका स्वयंपाकघरात समोरासमोर येतात आणि घर ज्याच्या नावावर आहे तो बाहेर पेपर वाचत बसतो. हा प्रसंग नीट लिहिला तर त्यातून केवढे दिसते! महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) वडील गेल्यावर मुंबईचा मुलगा घरी येतो. पण माझ्या मनात राहते ती प्रभा, जिला शिकायला बाहेर जाऊ दिले नाही आणि जी लग्नावाचून त्याच वाड्यात राहिली. कधी जाऊच दिले नाही, तिला परतणे कुठले? एका पुरुष नाटककाराने तिला इतके स्पष्ट पाहिले. परतणाऱ्या नायिकांच्या लेखिकांनी मागे राहिलेल्या बहिणीकडे, आत्याकडे अजून पुरेसे पाहिलेले नाही, हे मी तक्रार म्हणूनच नोंदवतो.

या कथाप्रकाराचे दिवस भरले, असेही आता ऐकू येते. वाडे पडले, एकत्र कुटुंबे गेली, मोबाइलवर रोज बोलणे होते, मग कसले माहेर आणि कसले परतणे? मला उलटे दिसते. आज पुष्कळ घरांत एकच मुलगी आहे. भाऊ नाही, वहिनी नाही, सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचेच नाव चढणार आहे. ती पुण्याहून किंवा बंगळुरूहून आईवडिलांच्या दुखण्यासाठी येईल तेव्हा तिला 'किती दिवस आहेस?' असे विचारायला घरात कोणी नसेल. दवाखाना, बँक, किल्ल्या सगळे तिच्या हाती असेल. कुलूप लावायचे की उघडे ठेवायचे, ते तीच ठरवील. समोरच्या घरात तो असेल तर त्याला न भेटण्यासाठी आजवर जी कारणे पुरत होती, त्यांतली निम्मी तिच्याजवळ नसतील. हक्काच्या घरात उभी राहून ती त्याच्याशी काय बोलेल, हे मराठीत अजून फारसे कोणी लिहिलेले नाही. ते लिहायला बसलेल्या लेखिकेला, हा विषय हळवा आहे, सोडून दे, असे कोणी सांगू नये, म्हणून हा सगळा वाद मी घातला.